कवटीवर जमातीचे नाव, माणसाचे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इरावती कर्वे यांनी बर्लिनला पीएच.डी. केली हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. ती कशावर केली, हे सहसा कुणी विचारत नाही. डालेम भागात १९२७ साली सुरू झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांचे बौद्धिक श्रेष्ठत्व दाखवते, असे संस्थाप्रमुख ऑयगेन फिशर यांचे म्हणणे. वंशानुसार असा फरक दिसत नाही, हे इरावतीबाईंनी त्यांच्याच हाताखाली राहून लिहून दिले. केवढे धैर्य! पण त्या कवट्या तिथे आल्या कुठून?

संस्थेच्या संग्रहात जर्मन वसाहतींतून आणलेली हाडे होती. फिशर स्वतः १९०८ साली आजच्या नामिबियात माणसे मोजत फिरले. तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन वसाहतवाद्यांनी नुकताच संहार केला होता. संस्थेची ती इमारत आज बर्लिनच्या फ्री विद्यापीठाकडे आहे. २०१४ पासून त्या आवारात खोदकामात हाडांचे हजारो तुकडे निघाले. पीडित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून विद्यापीठाने ठरवले, की या हाडांची वंशानुसार वर्गवारी पुन्हा करायची नाही. मार्च २०२३ मध्ये त्यांचे सन्मानाने दफन झाले.

मी तीस वर्षे मानवशास्त्र शिकवले. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली, ती मोजणी आम्हीही शिकलो. आमच्या विभागात काचेच्या कपाटात काही कवट्या होत्या. एकीच्या कपाळावर काळ्या शाईने आकडा आणि त्याखाली एका जमातीचे नाव. गाव नाही, माणसाचे नाव नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी ती टेबलावर मांडायचो, मुले माप घ्यायची. आवक-नोंदवही मी एकदाही मागितली नाही, याची आज लाज वाटते.

नागा लोक आपल्या पूर्वजांचे अवशेष ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाकडे परत मागत आहेत. त्यांच्या बाजूने आपण बोललेच पाहिजे. मग आपल्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी स्वतःची कपाटेही उघडावीत. जुन्या नोंदी जशा असतील तशा जाहीर कराव्यात. पुढे काय करायचे, हे मात्र ज्यांच्या जमातीचे नाव त्या हाडांवर लिहिले आहे त्यांना विचारून ठरवावे. एखाद्या समितीने परस्पर नव्हे.

गेल्या महिन्यात विभागात जाऊन आलो. ती कवटी त्याच कपाटात, त्याच फळीवर आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक