बारालाचा दोनदा

प्रिय मित्रा,

लेहला येऊन आज तिसरा दिवस. परवा फोनवर तू विचारलंस कशी झाली मनाली-लेह सायकल राइड आणि मी "एक नंबर" म्हणून फोन ठेवून दिला, कारण रेंज येत जात होती आणि खरं सांगू का, फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून आज गेस्टहाऊसच्या गच्चीत बसून लिहितोय. सायकल खाली खोक्यात भरून झालीये, तुझे पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या पिशव्या, धुवून वाळत घातलेत. डाव्याचं एक हुक तुटलंय, ते मी बदलून देणार आहे.

आधी जे सांगायचं टाळत होतो ते सांगून टाकतो. तुझ्या एक्सेलमधला चौथा दिवस आम्ही पाळला नाही. तू लाल रंगात लिहून दिलं होतंस, जिस्पाला एक दिवस पूर्ण आराम, मग झिंगझिंगबारला मुक्काम, मग बारालाचा खिंड. आम्ही जिस्पाहून सकाळी सहाला निघालो आणि एका दिवसात थेट सरचू. त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

सुरुवात मात्र मस्त झाली रे. मनालीहून रोहतांग म्हणजे ५१ किलोमीटर सलग चढ, २०५० मीटरवरून ३९७८ वर. तुला कल्पना यावी म्हणून सांगतो, तीन सिंहगड एकावर एक रचले तर तेवढं होईल, आणि सायकलवर १८ किलो सामान. आम्ही ते दोन दिवसात तोडलं, मढीला ढाब्यात झोपलो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा चालू झाला तेव्हापासून लेहला जाणारे ट्रक, बस जवळजवळ सगळं खालून नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून जातं, त्यामुळे मढीच्या वर सकाळी साडेपाचला रस्त्यावर फक्त मी, माझा जोडीदार नाशिकवाला आणि मेंढ्या. धुकं एवढं की पुढचं वळण दिसायचं नाही, नुसता चेनचा आवाज. माथ्यावर पोचलो आणि पलीकडे धुकं संपलं, हिरवं पण संपलं. अलीकडे देवदार आणि पाऊस, पलीकडे उघडे तपकिरी डोंगर आणि ऊन. एकाच खिंडीत पावसाळा संपतो हे भूगोलात शिकलेलो, पण पायाखाली बघणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी तांदी लागलं. इथे मला तुझी आणि काकूंची फार आठवण आली. एका बाजूने चंद्रा नदी येते, दुसऱ्या बाजूने भागा, आणि तांदीला दोघींचा संगम होतो. पुढे तिचं नाव चंद्रभागा. खरंच, हेच नाव, पुलाजवळ पाटीवर लिहिलेलं. पुढे काश्मीरकडे गेली की तिलाच चिनाब म्हणतात. आपली पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच, चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून ते नाव, दोन्ही नद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला माहितीये. पण पाटी वाचून मी सायकल उभी केली आणि पाच मिनिटं काही सुचेना. काकूंची बावीस वर्षं वारी चुकली नाही, यंदाच खुब्याच्या ऑपरेशनमुळे चुकली, आणि त्यांच्यापाशी थांबायचं म्हणून तू तिकीट कॅन्सल केलंस, आणि मी इथे चंद्रभागेच्या काठावर उभा. तिथेच ठरवलं की बाटलीभर पाणी काकूंसाठी न्यायचं. मग कळलं की चंद्रा आणि भागा दोघी बारालाच्याच परिसरात उगम पावतात, एक एका अंगाला, दुसरी दुसऱ्या अंगाला, म्हणजे पुढचे दोन दिवस आपण भागेच्या उगमाकडेच चाललोय. म्हणलं पाणी मग उगमाचंच घ्यावं.

आता तो चौथा दिवस. जिस्पाला सकाळी इतकं छान वाटत होतं की काय सांगू. झोप चांगली झालेली, डोकं हलकं, पाय हलके. दारचा मागे पडलं, झिंगझिंगबारला दीड वाजता पोचलो, राजमा चावल खाल्ला, आणि नाशिकवाला म्हणाला अजून बराच उजेड आहे, मी पण हो म्हणलं. दोघांचाही निर्णय होता, त्याला एकट्याला दोष देत नाही. सूरजताल, म्हणजे भागेच्या उगमाचं तळं, ढगात होतं, थांबलोच नाही, बाटली भरायची राहिली. साडेचारला बारालाचा, ४८९० मीटर, वारा इतका की उभं राहवेना, फोटो एकच. मग उतार उतार करत, रात्री पावणेआठला सरचूच्या तंबूत शिरलो तेव्हा दात वाजत होते.

जिस्पा ३२०० मीटर, सरचू ४२९०. एका रात्रीत झोपायची उंची अकराशे मीटरने वाढवली. तीन हजारच्या वर गेलं की एका दिवसात झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हे तूच मला दहा वेळा सांगितलं होतंस. दिवसा वर चढून यायला हरकत नसते, शरीर झोपेत मार खातं. दहा वाजता डोकं ठणकायला लागलं, पॅरासिटामॉलने काही होईना, मग उलट्या. आडवं झालं की श्वास अडकल्यासारखा व्हायचा, मी दचकून उठायचो, परत तेच. ऑक्सिमीटर लावला तर ७१. थंडीत बोटं गार असली की आकडा चुकतो म्हणून बोटं चोळून परत लावला, ७३. नाशिकवाला रात्रभर माझ्याशेजारी बसून राहिला, दर अर्ध्या तासाला नाव विचारायचा, आज वार कुठला विचारायचा, मी नीट बोलतोय का बघायला.

आणि सरचूची खरी भीती काय आहे ते त्या रात्री कळलं. आजारी पडलं की खाली उतरायचं हा एकच उपाय, पण सरचूहून खाली जायला आधी वर जावं लागतं. मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग खिंड पाच हजारच्या वर. तू बरोबर याच कारणासाठी झिंगझिंगबार लिहिलं होतंस, तिथून त्रास झाला तर सरळ मागे उतरून दोन तासात दारचा. मी फक्त किलोमीटर बघितले रे.

सकाळी तंबूच्या मालकिणीने लेहहून रिकामा परतणारा ट्रक थांबवला. दोन्ही सायकली मागे बांधल्या, मला पुढे बसवलं, ड्रायव्हरने बारालाचा न थांबता पार केला आणि दुपारी जिस्पाला सोडलं. एक पैसा घेतला नाही. डोकं दारच्यापर्यंत उतरता उतरताच निम्मं झालं होतं, संध्याकाळी मी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी केलाँगला दवाखान्यात दाखवून आलो, डॉक्टर म्हणाले छातीत पाणी वगैरे नाही, पण पूर्ण बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. तीन रात्री जिस्पाला नदीकाठी काढल्या. त्या तीन दिवसात मी घरी परतायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मनालीची बस पण विचारून ठेवलेली. नाशिकवाल्याने एकदाही आग्रह केला नाही, नुसतं सायकलचे ब्रेक साफ करत बसायचा, माझ्याही.

चौथ्या दिवशी सकाळी उठलो आणि वाटलं की बाटली रिकामी आहे. खरंच एवढंच वाटलं. सामान बांधलं.

यावेळी तुझ्या एक्सेलप्रमाणे. झिंगझिंगबारला पोचलो तेव्हा बराच उजेड होता, तरी थांबलो. दुपारी सायकल ठेवून पायी दोनशे मीटर वर चढून खाली येऊन झोपलो. डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून चालू केली होती, बोटांना मुंग्या यायच्या, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो कारण वरचे नाले सकाळीच ओलांडायचे, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, दुपारी ज्या नाल्यात गुडघाभर पाणी तिथे पहाटे घोटाही बुडत नाही. गिअर सगळ्यात हलका, पुढे २२ दाते मागे ३४, चालण्याच्या वेगाने, नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच जोरात. आणि सूरजताल लख्ख दिसलं. निळं नाही म्हणता येणार, हिरवं पण नाही, आणि त्यात समोरचा बर्फाचा डोंगर उलटा. भागा तिथून एवढीशी निघते, उडी मारून ओलांडता येईल. बाटली भरली, हात बधिर झाले, तोंडावर पाणी मारलं, आणि तुला खोटं कशाला सांगू, रडलो. थोडं वर चढलं की खिंड. लाहौल, स्पिती, झांस्कर, लडाख चारही बाजूंच्या वाटा तिथे मिळतात. त्या दिवशी वारा नव्हता, आम्ही अर्धा तास बसलो, पहिल्यांदा याच जागेवरून मी काहीच न बघता गेलो होतो.

सरचूला त्याच तंबूत झोपलो. मालकिणीने ओळखलं, लसणाचं सूप करून दिलं. ऑक्सिमीटर ८४.

पुढचं सगळं सविस्तर शनिवारी सांगतो, पण गाटा लूप्स लिहिल्याशिवाय राहवत नाही. २१ वळणं, साधारण साडेचारशे मीटर चढ, आणि चढ तसा अंगावर येणारा नाही, आपल्या बोपदेव घाटापेक्षा सौम्यच, पण पाच हजार मीटरच्या जवळ हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण निम्मा असतो आणि मग सौम्य चढही संपता संपत नाही. दर दोन वळणांनी थांबायचं असं ठरवलं होतं, नंतर दर वळणाला. वरती एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर तिथे तहानेने थंडीने गेला म्हणतात, म्हणून येणारा जाणारा ड्रायव्हर पाण्याची बाटली ठेवतो. गोष्ट खरी किती ते माहीत नाही. मी माझ्या सायकलच्या पिंजऱ्यातली एक बाटली ठेवली, काकूंची नाही.

आणि रस्ता करणारी माणसं. लाचुलुंगच्या आधी डांबराच्या पिंपाखाली जाळ करून बसलेली, तोंडाला फडकी बांधलेली, दुमकाहून आलेली, झारखंडच्या. बॉर्डर रोडचं काम. मोसमाला येतात, बर्फ पडायच्या आत परत. ज्या उंचीवर मला सायकलवरून उतरून दहा पावलं टाकली की धाप लागत होती तिथे ती दिवसभर खडी उचलतात. एकाने मला बसायला पोतं दिलं, काळा चहा दिला, विचारलं किती पगार मिळतो याचा. मी म्हणलं काहीच नाही, सुट्टी घेऊन आलोय. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, संभालके जाना, आगे पत्थर गिरता है. त्यांच्या रस्त्यावरून आपण हौसेने जातो हे डोक्यातून जात नाहीये अजून.

पांगला रात्री दहा तास झोपलो. मोरे प्लेन्स म्हणजे ४७०० मीटरवर चाळीस किलोमीटर सपाट मैदान, डांबर गुळगुळीत, सकाळी आम्ही उडत गेलो आणि दुपारी वारा तोंडावर आला तर सपाटीवर ताशी सात. चांगपा लोकांचे तंबू आणि पश्मिना बकऱ्या लांब ठिपक्यांसारख्या. मागच्या चाकाचा एक स्पोक तिथेच तुटला, तू दिलेल्या तीनातला एक लागला. मग तांगलांग ला ही खिंड, पाटीवर १७,५८२ फूट, तिथे पोचलो. माथ्यावर आनंदापेक्षा एकदम शांत वाटलं. मग उतरताना रुमत्सेला पहिलं हिरवं शेत, जवाचं, आणि एक आजी ओरडून "जुले" म्हणाल्या, म्हणजे लडाखीत नमस्कार, आम्हीही "जुले जुले" करत, आणि खाली जांभळ्या डोंगरांच्या घळीतून उपशीला सिंधू. लेहच्या शेवटच्या चढावर कोणी बोललं नाही.

काकूंची बाटली मोज्यात गुंडाळून सायकलच्या खोक्यात ठेवलीये, झाकणावर तीनदा टेप मारलाय. त्यांना आधी सांगू नकोस, मला माझ्या हाताने द्यायचीये. कुठलं पाणी ते मीच सांगेन, तांदीपासून. त्या काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आणि काकू काठी सोडून चालायला लागल्या की तुझ्या सायकलची मागची कॅसेट, म्हणजे गिअरची दातेरी चक्रं, बदलून घे, तुझी २८ दात्यांची आहे ती चालणार नाही, ३४ लाव. पुढच्या ऑगस्टची सुट्टी मी टाकणार आहे, नाशिकवाला पण हो म्हणालाय. चौथ्या दिवशी जिस्पाला आराम आणि पाचव्या दिवशी झिंगझिंगबार, तू नाही म्हणालास तरी मी थांबणार.

शनिवारी संध्याकाळी येतो.

तुझाच