सिस्टर मावशी, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

मावशी,

आभार मानायला मी दोनदा खाली आले होते. पहिल्या वेळी "गॅसवर दूध आहे" म्हणून तुम्ही दार लोटलंत, दुसऱ्या वेळी "त्यात काय एवढं" म्हणत विषय पाण्याच्या टाकीवर नेलात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथून उठून जाता येणार नाही.

आधी एक कबुली. चिवड्याला घरी आणलं तेव्हा बिल्डिंगमध्ये सगळ्यात मोठी कुरकुर तुमचीच होती. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ चिवड्याच्या रिकाम्या खोक्यात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, म्हणून नाव चिवडा. तिसऱ्याच दिवशी त्याने तुमच्या दारातल्या रांगोळीवर कार्यक्रम उरकला. त्या दिवशी तुम्ही मला जे ऐकवलंत ते राहू द्या, ते रास्तच होतं. मी मनातल्या मनात जे बोलले ते मात्र परत घेते.

डिसेंबरचे दिवस. निफाडचा पारा रोज पेपरात झळकत होता. चिवडा अकरा आठवड्यांचा. सोमवारी जेवला नाही, मंगळवारी पिवळी, फेसाळ उलटी. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे जंताचं औषध देऊन परत पाठवलं. बुधवारी पहाटे रक्ताची शी आणि तो वास. ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना तो सांगावा लागत नाही. इंदिरानगरच्या डॉक्टरांनी शी किटवर तपासली. दहा मिनिटांत दोन रेघा. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू.

चूक आमची होती. पहिली लस दिली होती, दुसरी दिवाळीच्या धांदलीत राहिली. एक झालीय ना, मग काय घाई! डॉक्टरांनी न रागावता समजावलं, की आईकडून पिल्लाला मिळालेलं संरक्षणच सुरुवातीला लसीच्या आड येतं आणि ते कधी ओसरेल याचा प्रत्येक पिल्लाचा हिशोब वेगळा. म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा पुन्हा द्यायची. लेकाच्या पोलिओ डोसच्या तारखा मला तोंडपाठ होत्या, आणि हे कधी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही, म्हणाले. तो आतड्याच्या अस्तरातल्या नव्याने तयार होणाऱ्या पेशी मारतो, हाडांच्या मगजातल्याही. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, पाणी टिकत नाही आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच उरत नाहीत. चिवड्याच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या १,८०० भरल्या. निरोगी कुत्र्यात निदान ६,००० तरी असतात. आतडं पुन्हा धरेपर्यंत सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक यांवर त्याला तगवायचं, एवढंच हातात. दवाखान्यात रात्री ठेवायची सोय नव्हती. पायात सुई तशीच ठेवून, बाटली कशी लावायची ते दाखवून त्यांनी आम्हाला घरी सोडलं.

जिन्यात तुम्ही भेटलात. माझ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू, पिशवीतून डोकावणारी बाटली.

"ही रात्री कोण बघणार?"

"मीच."

"मिस्टर?"

"नाइट शिफ्ट."

तुम्ही काही बोलला नाहीत. अर्ध्या तासाने घड्याळ आणि एक शंभर पानी वही घेऊन वर आलात. चपला दाराबाहेर, अंगावर जुना गाऊन, कारण "जाताना तो इथेच भिजत घालायचाय."

पडद्याच्या दांडीला बाटली टांगून तुम्ही मला थेंब मोजायला बसवलंत. "हा लहान मुलांचा सेट आहे, साठ थेंबांचा एक मिली. म्हणजे मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिली. डॉक्टरांनी पंधरा सांगितलेत ना? मोज." इतकी वर्षं सलाईन बघत आले, पण हे सोपं गणित कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती तंबूसारखी तशीच उभी राहिली. "गॅस्ट्रोच्या वॉर्डात आम्ही पोरांच्या पोटावर असंच बघायचो," म्हणालात आणि वहीत वेळ लिहिलीत.

व्हॉट्सअॅपवर तोवर डाळिंबाचा रस, नारळपाणी, हळद-मध असं सगळं येऊन पडलं होतं. मी चमच्यात ताक घेऊन आले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "उलटी थांबेपर्यंत तोंडाने काही नाही." दुखलं होतं, खरं सांगते. मनगटही.

तिसरी रात्र सगळ्यात वाईट. पाय गार पडले होते. गरम पाण्याची पिशवी तुम्ही टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीशी लावलीत. मी रडत विचारलं, "वाचेल ना हो?"

"मला नाही माहीत. सव्वादोनला बाटली संपेल. तोवर झोप."

त्या क्षणी तुमचा इतका राग आला! घरातले, मैत्रिणी, सगळेच "काही होणार नाही त्याला" म्हणत होते. पण तसं म्हणणारं कुणी सव्वादोनला उठणार नव्हतं. मी झोपले, आणि जाग आली तेव्हा नवी बाटली लागलेली होती.

चौथ्या दिवशी उलटी थांबली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता उपाशी ठेवू नका, थोडं थोडं पोटात गेलं की आतडं लवकर सावरतं. त्यांनी उकडलेल्या चिकनचं पाणी सुचवलं आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गळ्यातली तुळशीची माळ पदराखाली सरकवलीत आणि सिरिंज भरलीत. दर दोन तासांनी पाच मिली. "माउलीला मी सांगते काय ते," एवढंच म्हणालात.

तुम्हाला कळलं नसेल, पण एक गोष्ट मी दाराच्या फटीतून बघितली. पहाटे पाचला तुम्ही जिना धूत होतात. फिनाइलचा या विषाणूवर भरवसा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही ऐकलं होतं, म्हणून लिक्विड ब्लीच, एकाला तीस पाणी. माणसाला हा आजार होत नाही, पण चपलांवरून तो जातो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. खाली पार्किंगमध्ये त्या काळ्या कुत्रीची चार पिल्लं होती. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही सोसायटीला दोन अर्ज दिलेत, तीच.

डॉक्टरांना तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला १९७८ मध्ये. तुम्ही नर्सिंगला लागलात त्याच वर्षी. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसलात: "म्हणजे माझ्याच बॅचचा! तरी म्हटलं एवढा चिवट कसा."

पांढऱ्या पेशी आता ठीक आहेत. अजून काही दिवस त्याला इतर पिल्लांपासून लांब ठेवायचंय, मग राहिलेली लस. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, तुम्ही लिहायला लावलीत तशी.

वही मुद्दामच परत केलेली नाही. शेवटची नोंद तुमच्या अक्षरात आहे: "स. ६.१०. शी घट्ट. दूधवाल्यावर भुंकला. झोपमोड."

रविवारी वही घेऊन खाली येते. एकटीच येईन, रांगोळीची काळजी करू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची