'उरुग्वे' बघून ये

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

तुमचं जहाज ब्युनोस आयर्सला लागणार, हे ऐकून फार आनंद झाला. दोन तास जरी किनाऱ्यावर सोडलं, तरी पुएर्तो मादेरोच्या गोदीत जा आणि 'उरुग्वे' ही जुनी नौका बघून ये. मी खलाशी असताना एकदाच तिच्यावर चढलो होतो. अजून आठवते.

ती अर्जेंटिनाच्या आरमाराची गनबोट, म्हणजे तोफा असलेली छोटी युद्धनौका. १८७४ साली इंग्लंडात, बर्कनहेडच्या लेअर्ड बंधूंच्या गोदीत बांधली. लांबी जेमतेम ४६ मीटर, वाफेचं इंजिन आणि जोडीला शिडं. काही वर्षं तर तिच्यावर नौदलाची शाळाच भरायची. तुझ्यासारखीच शिकाऊ पोरं तिच्या डेकवर तयार झाली. १८७८ मध्ये पॅटागोनियातल्या सांता क्रूझला गेलेल्या ताफ्यातही ती होती. पण तिचं नाव राहिलं ते तोफांमुळे नाही.

स्वीडनचा संशोधक नोर्देन्स्कोल्ड याची तुकडी अंटार्क्टिकात अडकली होती. त्यांचं 'अंटार्क्टिक' जहाज फेब्रुवारी १९०३ मध्ये बर्फाने चिरडून बुडवलं. माणसं तीन ठिकाणी विखुरलेली, एकमेकांची खबर नाही. त्यांत सोब्राल नावाचा अर्जेंटिनाचा तरुण अधिकारीही होता. तेव्हा 'उरुग्वे' २९ वर्षांची होती. बर्फाशी झुंजायला तिचा सांगाडा भक्कम केला, डोलकाठ्या बदलल्या आणि ऑक्टोबरमध्ये कॅप्टन इरीझार निघाले. तू तुझ्या जहाजाला 'म्हातारं' म्हणालीस ना, तेव्हा मला हेच आठवलं.

८ नोव्हेंबरला इरीझार स्नो हिल बेटावरच्या नोर्देन्स्कोल्डच्या झोपडीपर्यंत चालत पोहोचले. त्याच रात्री कुत्री भुंकू लागली. आतल्यांना वाटलं, 'उरुग्वे'वरचेच आणखी कोणी आले. दार उघडलं तर समोर बुडालेल्या जहाजाचा कप्तान लार्सन! पॉलेट बेटावरून उघड्या होडीतून वल्हवत, शेवटी बर्फावरून पायपीट करत तो आला होता, नेमका त्याच रात्री. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. मग पॉलेट बेटावर दगडी खोपटात दिवस काढणाऱ्या बाकीच्यांना आणायला 'उरुग्वे' निघाली. पहाटे तिचा भोंगा ऐकून ती माणसं झोपेतून धडपडत बाहेर आली. त्यांच्यातला एक, ओले वेनर्सगार्ड, हिवाळ्यातच गेला होता. त्याला तिथेच पुरलं होतं.

परतताना वादळाने दोन डोलकाठ्या मोडल्या. तशीच, मोडक्या अंगाने, ती २ डिसेंबरला ब्युनोस आयर्सच्या बंदरात शिरली आणि अख्खं शहर धक्क्यावर लोटलं. मला तो प्रवेश सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढे ती शार्कोच्या फ्रेंच मोहिमेच्या शोधातही दक्षिणेला गेली. नंतर बरीच वर्षं दारूगोळ्याचं कोठार म्हणून पडून राहिली, हे वाईट वाटतं. १९६७ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारक केलं, हे बरं झालं.

डेकवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पावलं मोजत चाल. किती थोडी भरतात ते बघ आणि त्यात अंटार्क्टिकातून आणलेली सगळी माणसं बसवून बघ. मी मोजली होती, पण आकडा आता आठवत नाही. तू मोजलेला मला कळव. थंडी असेल, स्वेटर घालून जा.

तुझा,
बाबा