कार्पेटखालची फरशी

नौपाडा, ठाणे
रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

हॉलमधलं कार्पेट काढलं. बाबा, रागावू नका. आई त्या वळलेल्या कडेला दोनदा अडखळली होती, तिसऱ्यांदाची वाट बघायची नव्हती मला. तुम्ही दादाकडे आहात तोवर उरकतेय.

खाली आपली जुनी मोझॅक, एकही लादी फुटलेली नाही. पण तिच्यावर कार्पेट चिकटवायचं तुमचं ते सोल्यूशन! मी दहावीत असताना तुम्ही स्वतः लावलं होतंत. वासामुळे आपण सगळे रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बसलो होतो. अजून घट्ट आहे, रंग काकवीसारखा झालाय. तुम्ही कुठलंच काम हात राखून करत नाही, त्याची किंमत मी गुडघ्यांवर बसून मोजतेय.

आधी गरम पाणी ओतलं. सुताराचा पांढरा फेव्हिकॉल असता तर भिजून मऊ पडला असता. हे रबराचं, पाण्याला दाद देत नाही. पॉलिशवाला म्हणाला, "ताई, ॲसिड मारू, दहा मिनिटांत साफ." त्याला चहा देऊन परत पाठवला. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. ॲसिड ते दोन्ही खातं आणि रबर तसंच राहतं. आई, लिंबाच्या लोणच्याची बरणी पाझरली होती तो गोल फिकट डाग आठवतो? तोही सापडला. नुसत्या लिंबाने एवढं केलंय. पॉलिशचं मशीनही आत्ता नको, ह्या चिकट्याने घासायचे दगडच भरून जातात.

शेवटी हेअर ड्रायर कामाला आला. वीतभर जागा तापवायची, ते लिबलिबीत झालं की प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून खरवडायचं. च्युइंगमसारख्या तारा निघतात. लोखंडी पट्टीने ओरखडे पडतात, एक पाडलाय, दिवाणाखाली आहे, दिसणार नाही. उरलेल्या पातळ थरावर थिनरचं फडकं दहा मिनिटं ठेवून वर प्लॅस्टिक झाकते, नाहीतर थिनर काम करण्याआधीच उडून जातं. मग पुसून साबणाचं पाणी. थिनर वापरायला घेतला की ड्रायर बंद, गॅसचा सिलिंडर बंद, देवाचा दिवासुद्धा नाही. खिडक्या सताड उघड्या, हातमोजे घालून. आई, दोन दिवस देव अंधारात आहेत, तेवढं सांभाळून घे.

स्वयंपाकघरात सिंकच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉनही काढलं. त्याला थिनर काही करत नाही, ब्लेडने कापूनच काढावं लागलं.

दारापाशी दोनेक हात बाकी आहे. बाबा, येऊन "मी करतो" म्हणत खाली बसायचं नाही, पुढच्या रविवारी मीच येणार आहे. आणि मंगळवारचं तिकीट शुक्रवारचं करा. वास अजून पुरता गेलेला नाही, तुमचा खोकला परत सुरू व्हायचा.

तुमची,
मनू