"पर्स केवढ्याची गं?" असं कुणी विचारलं तर

बाणेर, पुणे
गुरुवार

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा हिशोब मांडायला बसतात आणि आईला नेमका तेव्हाच गॅस बंद करायचा असतो, म्हणून लिहूनच पाठवते. पुढच्या रविवारी कर्वे रोडच्या कार्यालयात लग्न आहे. सगळं गणगोत एका छताखाली असणार. आईच्या खांद्यावरची ती तपकिरी लुई व्हितों बॅग बघून अक्षता पडायच्या आधीच कुणीतरी विचारणार, "केवढ्याला पडली गं?" किंमत तुम्हा दोघांना ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण हे पत्र टीव्हीशेजारी उघडं पडून राहणार हेही मला ठाऊक आहे.

पहिलं म्हणजे खोटं सांगायचं नाही. ते टिकत नाही. "सेलमध्ये मिळाली" म्हणालीस तर जिला माहिती आहे ती हसेल, कारण ही कंपनी सेल लावतच नाही. किंमत निम्मी करून सांगितलीस तर कुणाचीही पोरगी फोनचा कॅमेरा बॅगेवर धरेल आणि वरणभात वाढून होईपर्यंत खरा आकडा पंगतीत फिरेल. मग बॅग राहते बाजूला, "किंमत लपवली" हाच विषय होतो. सगळ्यात वाईट म्हणजे "छे गं, फर्स्ट कॉपी आहे". ऐकायला नम्र वाटतं, पण लगेच पुढची मागणी येते, "मलाही एक आणून दे ना." आणि नकली माल विकणं हा आपल्याकडे 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. फ्रान्स-इटलीत तर विकत घेणाराही दंडाला पात्र ठरतो. खऱ्या वस्तूला खोटी म्हणून मिरवायचं आणि वर नकली मालाची दलाली गळ्यात घ्यायची, असला व्यवहार कशाला?

आता खरं किती सांगायचं, ते विचारणारी कोण यावर ठरव. जिला स्वतःला घ्यायची आहे तिचे प्रश्न वेगळे असतात: वजन किती, चेन आहे का, पट्टा खांद्याला रुततो का. तिला बाजूला घेऊन आकड्यासकट सगळं सांग, यात लपवण्यासारखं काही नाही. जिला काळजी वाटते, म्हणजे मोठी आत्या, ती किंमत विचारणारच नाही. ती विचारेल, "पोरीच्या घराचे हप्ते व्यवस्थित चाललेत ना?" तिला सरळ सांगायचं, "हप्ते वेळेवर जातात, बॅग कर्जाने घेतलेली नाही." तिला तेवढंच हवं असतं. तिसरी असते मोजणारी. तिला आकडा हवाच असतो, कारण त्यावरून तिला तुलना सुरू करायची असते. तिच्यासाठी एकच वाक्य: "लेकीने दिलीय, मी किंमत विचारली नाही." नको, यातला दुसरा अर्धा खोटा आहे. "लेकीने दिलीय, महाग आहे" एवढंच म्हण आणि थांब. 'महाग आहे' हे आपणच म्हटलं की समोरच्याच्या हातातलं अर्धं हत्यार जातं.

थांबणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. आपल्याकडे गप्प बसलं की काहीतरी चोरल्यासारखं वाटतं आणि मग आपण खुलासे सुरू करतो: बोनसचे पैसे होते, तीन वर्षं मोठी खरेदी केलीच नव्हती, बाबांनाही घड्याळ घेतलं. प्रत्येक खुलाशातून नवा प्रश्न निघतो, बोनस किती, घड्याळ केवढ्याचं. म्हणून वाक्य संपलं की लगेच तिच्याकडे वळ. "तुझा हा ठुशीचा घाट कुठल्या सोनाराचा?" विषय बदलतो आणि तिलाही बरं वाटतं.

बाबा, तुमच्यासाठी वेगळी सूचना. "गुंतवणूक म्हणून घेतलीय" असं कुणालाही सांगू नका. बहुतेक बॅगांची किंमत दुकानाबाहेर पाऊल टाकताच पडते, वापरलेली विकायला गेलं की बऱ्याचदा निम्मीही येत नाही. ज्या बॅगांचे लिलाव पेपरात येतात त्या अगदी मोजक्या. जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना जी गेली ती अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची, 1984 च्या सुमारास हर्मेस कंपनीने तिच्यासाठी म्हणून बनवलेली पहिली बर्किन बॅग होती. तिच्यावरून आपल्या बॅगेचा भाव काढणं म्हणजे संग्रहालयातल्या तलवारीवरून आपल्या विळीची किंमत ठरवणं. तुमच्या सोन्याशीही तुलना नको. सोन्यात घडणावळ बुडते, धातू उरतो. बॅगेत जवळजवळ सगळी घडणावळच असते. "हौसेला मोल आहे आणि ते मोजलंय" हे उत्तर खरंही आहे आणि त्यावर वाद घालायला जागाही उरत नाही.

"प्लॅस्टिकला एवढे पैसे?" हा टोमणा मात्र माहिती असलेल्या माणसाकडून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचं. त्याचं म्हणणं खरं आहे. बॅगेचा मोठा भाग कातडं नाहीच. ते सुती कॅनव्हास आहे, वर पीव्हीसीचा थर. लुई व्हितोंची कंपनी 1854 मध्ये पॅरिसला प्रवासी पेट्या बनवायला लागली तेव्हापासून हलकं आणि पाणी न धरणारं कापड हाच तिचा धंदा होता. पेट्यांच्या नकला व्हायला लागल्या म्हणून मुलाने, जॉर्जने, 1896 मध्ये वडिलांच्या आद्याक्षरांची ती फुलापानांची नक्षी काढली. नकला थांबाव्यात म्हणून काढलेल्या त्या नक्षीच्या नकला आज पुण्याच्या हाँगकाँग गल्लीतही मिळतात, ही त्यातली गंमत. पैसे कापडाचे नाहीतच, नावाचे आहेत, थोडे शिवणीचे आणि दुरुस्तीच्या सोयीचे. हे कबूल करायला आपल्याला लाज नको. पैठणीचा भाव तरी कुणी रेशमाच्या किलोवर लावतं का?

आई, तू पैठणी घेताना पदर उलटून बघतेस. हातमागाची असेल तर मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, यंत्रमागाची असेल तर मागून सुटे धागे लोंबतात. बॅगेतही बघायचं तेच, टाका. हर्मेसच्या बर्किन, केली असल्या बॅगांना एका मेणाच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, एकाच भोकातून समोरासमोर ओवून शिवतात. खोगिराचा टाका म्हणतात त्याला, कारण ते घराणं 1837 पासून घोड्यांचं सामान बनवायचं. असा एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की ओळ उसवत जाते. आपली बॅग मशीनवर शिवलेली आहे, उगाच हाताची म्हणून सांगू नकोस. आणि कुणी कार्यालयात बॅग उलटीपालटी करून "ही खरी वाटत नाही" असं म्हणालं तर वाद नको. आजकालच्या चांगल्या नकला नुसत्या टाक्यावरून ओळखू येत नाहीत, पावतीच बोलते. पावती तुमच्या कपाटात, पासबुकांच्या पिशवीत आहे. ती दाखवायला मात्र कुणाच्या मागे धावायचं नाही.

एक आक्षेप मी टोमण्यात धरत नाही. कामगाराला किती मिळतं? जून 2024 मध्ये मिलानच्या कोर्टाने डिऑर या फॅशन कंपनीच्या इटलीतल्या एका उत्पादक कंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला होता. दुकानात 2,600 युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीचे ठेकेदाराला 53 युरो मिळत होते, कातडं वगैरे कच्चा माल वेगळा, असं त्या प्रकरणात पुढे आलं. 2025 मध्ये ती देखरेख उठली, पण आकडे लक्षात राहिले. जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं, तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. तो राग रास्त होता, म्हणून हा प्रश्नही रास्त. पुतण्याने विचारलं तर "हो, हे खटकतं" म्हणा, कंपनीची वकिली आपल्याकडे नाही.

दुसरा खरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही. कामाला येणाऱ्या मावशींचा महिन्याचा पगार आणि बॅगेची किंमत यांत जे अंतर आहे त्याला माझ्याकडे चतुर उत्तर नाही. निदान त्यांच्यासमोर आकडे बोलायचे नाहीत, किंमतीची चिठ्ठी आणि ती नारिंगी खोकी पलंगावर पसरून ठेवायची नाहीत. आणि बॅग घेतली त्या वर्षी त्यांच्या पगारवाढीत हात आखडता घेतला असेल तर टोमणा खाऊन घ्यायचा.

देवाधर्माचं राहिलं. बंद, कडा, पट्टा हे गाईच्या कातड्याचे आहेत. हे दडवून ठेवू नकोस. मोठ्या काकूंना चालणार नाही आणि त्यांच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सत्यनारायणाला, देवळात, देवघरासमोर ही बॅग न्यायचीच नाही. तिथे तुझा खणाचा बटवा.

आता रविवारचं. हळदीला बॅग घरीच ठेव. त्या बंदांचं कातडं कच्चं असतं, वर रंग किंवा पॉलिश काही नाही, म्हणून पाण्याचा थेंब, तेलाचा हात, हळदीचं बोट लगेच आत मुरतं. उन्हात ठेवलं की हळदीचा पिवळा रंग उडतो, पण त्याच उन्हाने कोरं कातडं काळवंडतं, म्हणजे डाग जाऊन चट्टा येतो. ओल्या टिश्यूने घासलं तर डाग पसरतो. पडलाच तर कोरड्या सुती कापडाने टिपायचा आणि सोडून द्यायचा. बंद वर्षभरात मधाच्या रंगाचे होतात ते खराब होणं नव्हे, तसंच व्हायचं असतं. कुणी "जुनी झाली का गं?" म्हणालं तर हसून हो म्हण.

रिसेप्शनला ने. खुर्चीच्या पाठीला अडकवू नकोस, पंगतीत मांडीवर घे, त्यावर एक जुना रुमाल टाक. गजरा, ओली फुलं, प्रसादाचा पेढा आत ठेवायचा नाही. आतलं अस्तर तेलकट झालं की वास जात नाही. येताना वैशाखाच्या उन्हात गाडीत सोडून देऊ नका, कडांना लावलेला रंग मऊ होतो आणि बॅगेचे भाग एकमेकांना चिकटतात.

पावसाळ्यात बुरशीची भीती. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीस तर हमखास येणार. सोबत आलेल्या कापडी पिशवीतच ठेव, आत जुन्या मऊ साडीचा बोळा भर. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक. आतले निळे खडे गुलाबी झाले की पुड्या बदल. डांबराच्या गोळ्या आणि खोबरेल तेल, दोन्ही नको. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर. पांढरे ठिपके दिसलेच तर गॅलरीत नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाड, घरात झाडलेस तर तेच कण शेजारच्या चपलांवर बसतात.

बाबांच्या मित्रांनी इन्कम टॅक्सची भीती घातली असेल तर: 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगेवर दुकानदार 1 टक्का कर आधीच गोळा करतो, आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आपली बॅग त्या रांगेत बसतच नाही.

मी शनिवारी संध्याकाळी येते. सिलिका जेल आणि खणाच्या बटव्याची नवी दोरी आणते, जुनी तुटायला आली आहे. आई, जांभळी पैठणी बाहेर काढून हवेला टाक, तिला कपाटाचा वास येतोय.

तुमची,
मनू

ता. क. मोठ्या आत्याला हे पत्र वाचायला देऊ नका. निदान तिसऱ्या प्रकारचा परिच्छेद तरी नको.