मजुरीचा रकाना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला मुलीकडे राहायला गेलात त्याला परवा वर्ष झालं. निघताना घाईघाईत पाया पडले तेवढंच, नीट बोलणं झालं नाही. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे. ठाण्यात आपल्या नौपाड्यात, चरईत ज्या बायका घरच्या घरी काही करून विकतात, त्यांनाही हे वाचता येईल.

पहिल्या दिवशी भाजणीची पिशवी हातात घेऊन तुम्ही वास घेतलात आणि भाव विचारलात. १६० रुपये किलो, मी म्हटलं. "कसा काढलास?" धान्य ९०, दळण २०, गॅस १२, पिशवी आणि लेबल ८. झाले १३०, वर ३० सुटतात. तुम्ही जन्मभर गिरगावातल्या एका पेढीवर हिशेब लिहिलेले. माझी वही ओढून घेतलीत, आकडे एकाखाली एक मांडलेत आणि खाली लिहिलंत, 'मजुरी'. पुढची जागा कोरी ठेवून वही माझ्याकडे सरकवलीत. "ज्वारी वेगळी, बाजरी वेगळी, डाळी वेगळ्या, असं आठ किलो भाजायला तू दिवसभर गॅसपुढे उभी असतेस. तो दिवस कोणाच्या खात्यावर?"

काका, मला तो आकडा लिहिता येईना. वीस वर्षं स्वयंपाकघरात उभी आहे, पण त्याला आकडा असतो असं कोणी म्हटलंच नव्हतं. पेन हातात धरून बराच वेळ बसले. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी किलोमागे ४० लिहिले आणि भाव २०० केला. सहा गिऱ्हाइकं तुटली. त्यातली चार दिवाळीनंतर आपणहून परत आली.

घरात तेव्हा सगळे एकच म्हणत होते, "मराठी माणसाला धंदा जमत नाही." दिरांनी हे तुमच्यासमोर म्हटलं आणि तुम्ही कधी नव्हे ते चिडलात. पुढच्याच शनिवारी मला लोकलने गिरगावात घेऊन गेलात. मुंबईतले धंदे म्हटलं की आपल्याला टाटा, अंबानी यांच्या इमारती आठवतात. तुम्ही मला गल्ल्या दाखवल्यात. विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी १९१० साली इथेच किराणा मालाचं दुकान काढलं, मसाले आणि लोणची नंतरची. १९३१ साली दांडेकर बंधूंनी इथेच शाई करायला घेतली. ती 'हॉर्स ब्रँड' नावाने विकायचे, 'कॅमल' पुढे आलं. शाळेत सगळ्यांच्या दप्तरात ज्यांची कंपासपेटी असायची ते कॅमलिनवाले हेच, हे मला त्या फुटपाथवर कळलं. येताना गाडीत तुम्ही विकोच्या केशव पेंढारकरांचं सांगितलंत. १९५२ साली परळला सुरुवात, आणि दंतमंजन दारोदार जाऊन विकलेलं. मी तोवर आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या विंगमध्येसुद्धा बेल वाजवायला लाजत होते. दुसऱ्या दिवशी अकरा बेल वाजवल्या.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती लिज्जतची गोष्ट. तीही गिरगावातलीच. १५ मार्च १९५९, लोहाणा निवासची गच्ची, सात गुजराती बायका, उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. जसवंतीबेन पोपट त्या सातांतल्या एक, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला ही गोष्ट तुम्ही उगाच सांगितली नव्हती. त्या आठवड्यात माझी पाच किलो भाजणी करपली होती. एका कॅन्टीनवाल्याला ती स्वस्तात द्यायचं मी ठरवत होते. त्या बायकांनीही आधी दोन प्रतीचे पापड करून हलके कमी भावात विकायचं ठरवलं होतं. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी त्यांना अडवलं. एकच प्रत ठेवा, चांगली ठेवा आणि हिशेब चोख लिहा, असं त्यांनी बजावलं. तुम्ही एवढंच सांगून चहा प्यायलात. भाजणीचं नाव काढलं नाहीत. संध्याकाळी ती पाच किलो मी टाकून दिली. त्या महिन्यात नफा काहीच झाला नाही, तरी वहीत तो तोटा मी लाल शाईने नीट लिहिला.

माझं माहेर मुरबाडचं. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी आली, १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन, हे ठाण्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण ती रेल्वे यावी म्हणून झटलेले मुंबईचे व्यापारी नाना शंकरशेट जन्माने मुरबाडचे, हे मला चाळिशीत, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर, तुमच्याकडून कळलं. त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. तिच्या आवाजातला आनंद मला अजून आठवतो.

एका दुकानदाराने तीन महिन्यांची उधारी बुडवली, तेव्हा मी सगळं बंद करणार होते. तुम्ही आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन नुसते बसायचात. त्याबद्दल काय लिहू?

आता माझ्याकडे दोघीजणी कामाला येतात. एक कोपरीहून, एक लोकमान्य नगरातून. परवाना काढला आहे, माल जांभळी नाक्यावरून घाऊक आणते. पहिल्या दिवशी दोघींसमोर वही ठेवली आणि मजुरीच्या रकान्यात त्यांचा आकडा त्यांनाच लिहायला सांगितला. कोपरीची बराच वेळ पेन हातात धरून बसली होती. मी घाई केली नाही.

पुढच्या रविवारी पुण्याला येते. दोन किलो भाजणी आणते. तुम्ही पैसे दिल्याशिवाय घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून बिलही आणते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची