विडी कारखानदार समितीत, विड्या वळणारी बाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत छापलेले कर्करोगाचे चित्र आणि इशारा आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. खरे तर ते १ एप्रिल २०१५ पासूनच यायचे होते. आले एक वर्ष उशिरा. ‘तूर्त थांबा’ असे सरकारला कळवणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष आमच्या नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी होते. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही, असे ते म्हणाले होते. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले होते! याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता सदस्य होते आणि त्यांचा स्वतःचा विडीचा मोठा धंदा होता.

मोठ्या चित्राने विडी कामगारांची रोजीरोटी जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. माझ्या आईने विड्या वळूनच आम्हाला वाढवले. सुपात पाने, कात्री आणि तंबाखू घेऊन ती पहाटेच बसायची. संध्याकाळी माल मोजून देताना कारखान्यात मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढत, त्यांची मजुरी बुडे. पाने कमी पडली तर पदरच्या पैशाने आणायची. रोजीरोटीचा प्रश्न खोटा नव्हताच. पण आईला कोणी विचारले असते, तर ती पाकिटावरच्या चित्राबद्दल नव्हे, या बुडालेल्या मजुरीबद्दल बोलली असती. तिच्या नावाने बोलणारे दिल्लीत पोहोचले, ती कधीच पोहोचली नाही.

आपले म्हणणे सरकारपुढे मांडण्याचा हक्क कारखानदारालाही आहे. ते सर्वांसमोर मांडावे, एवढेच माझे म्हणणे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याचे प्रयत्न, करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो. वॉलमार्ट या तिथल्या दुकानसाखळीने भारतातल्या गुंतवणुकीसाठी तिथे लॉबिंग केल्याचे २०१२ मध्ये आपल्याला कळले ते त्यांच्याच कागदपत्रांतून. आपल्याकडे असा कायदाच नाही.

राज्यसभेत निदान सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. लोकसभेत तीही नाही. समितीतल्या सदस्याचा धंदा आड येत असेल, तर दुसरा कोणी हरकत घेऊ शकतो. सहकाऱ्याविरुद्ध असा हात किती जण वर करतील? कामकाज सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने त्या विषयातला आपला धंदा, भागीदारी लेखी जाहीर करावी आणि ज्याचा थेट संबंध असेल त्याने बैठकीतून उठावे. कायद्याचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचे धोरण केंद्राने २०१४ मध्येच ठरवले आहे. त्या मसुद्यासोबत मंत्र्यांना आणि सचिवांना कोण भेटले, त्यांनी काय मागितले, हेही वेबसाइटवर टाकावे.

आमच्या जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी लोकसभेत अशा नोंदवहीची मागणी येत्या अधिवेशनातच करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

– एक वाचक, अहिल्यानगर